बाई, तुमीच म्हणल्या

वसमतच्या स्टँडवर सकाळी बसमधून उतरताना मागच्या माणसाच्या पिशवीचा धक्का लागला आणि अपर्णा म्हणाली, "अहो, जरा दमानं." एवढंच. पण शब्द तोंडातून बाहेर पडले आणि ती पायरीवरच थबकली. आवाज ओळखीचा वाटला. आपलाच आवाज ओळखीचा वाटावा यात तसं काही विशेष नाही. पण बाजारच्या गर्दीत एखादा नातेवाईक बोलताना ऐकू यावा, तसा तो बाहेरून आल्यासारखा वाटला. मागचा माणूस "उतरा की बाई" म्हणाला, तेव्हा ती उतरली. रिक्षावाल्याला कुठं जायचं ते तिनं नुसतं हातानं दाखवलं. रिक्षा मोंढ्याच्या कडेनं निघाली. हळदीचे दिवस होते; पोत्यांनी भरलेले टेम्पो उभे होते आणि हवेत तो कोरडा, नाकात बसणारा वास होता. एरवी या वासानं तिला घरी आल्यासारखं वाटायचं. आज ती ओठ घट्ट मिटून बसली होती. तोंड उघडलं तर काय निघेल याची खात्री नसावी, तशी.

काल पुण्याच्या त्या सभागृहात फार गारठा होता. गळ्यात नावाचं पाकीट अडकवून ती पहिल्या रांगेत बसली होती. तंत्रज्ञान, शिक्षण आणि डिझाइन असं परिषदेचं नाव होतं. जवळा बाजारच्या अलीकडच्या एका खेड्यात नववी-दहावीला मराठी शिकवणाऱ्या बाईला तिथं कशाला बोलावलंय, हे तिला शेवटपर्यंत नीट उमजलं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये तिनं घरी बसून धडे वाचून रेकॉर्ड केले होते. स्वयंपाकघराचं दार लावून, पंखा बंद करून, घामाघूम होऊन. कितीतरी दिवस. ते तिनं एका संस्थेला दिले होते, मुलांच्या कामी येतील म्हणून. पुढं त्याच संस्थेनं शाळेतल्या नववीच्या मुलांना टॅब दिले, तेव्हा त्यात आपले धडे असतील एवढंच तिनं धरलं होतं. मग व्यासपीठावर त्या संस्थेची एक तरुण मुलगी आली. सुती साडी, मऊ बोलणं. डिझाइन म्हणजे अडथळे काढून टाकणं, असं ती म्हणाली. शिक्षक थकतो, चिडतो, रजेवर जातो. मुलाला नेमकी गरज असते तेव्हा तो नसतो. हे सगळे अडथळे. आणि तिनं बटण दाबलं. सभागृहात अपर्णाचा आवाज भरला. "शाब्बास राजा! चुकलं तरी हरकत नाही. चल, आपण पुन्हा एकदा बघू या." अपर्णानं आयुष्यात कुणाला राजा म्हटलं नव्हतं. ती म्हणायची, "बरं, पुन्हा वाच." तरी तो आवाज तिचाच होता. लहानपणी दम्याचा त्रास होता, तेव्हापासून वाक्य सुरू करण्याआधी ती एक बारीक श्वास घेते, किंचित शिट्टीसारखा. तोसुद्धा त्यात होता. ज्याला छातीच नाही ते श्वास कशाला घेतंय, हा विचार तिच्या मनात आला आणि मग तो जाईचना. टाळ्या वाजत होत्या. तिला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली. मुलगी कौतुकानं म्हणाली, "कसं वाटतंय मॅडम, स्वतःला ऐकताना?" कुणीतरी माईक पुढं धरला. "छान," अपर्णा म्हणाली. सगळ्यांसमोर ती तेवढं एकच बोलली.

जेवणाच्या वेळी एक गृहस्थ हातात ताटली घेऊन हसत म्हणाले, "तुम्ही प्रत्यक्षात फारच कमी बोलता हो." तीही हसली. पडद्यावर दाखवलेली आलेखाची एक वाकडी रेघ तिच्या डोळ्यांपुढं होती. दिवसभर खाली पडून राहिलेली ती रेघ संध्याकाळी एकदम वर चढायची. मुलं संध्याकाळी टॅबवरच्या बाईंशी सगळ्यात जास्त बोलतात, असं त्या मुलीनं सांगितलं होतं. अभ्यासाचं कमी आणि बाकीचंच जास्त. सभागृह हसलं होतं. हात धुवायच्या जागी ती मुलगी भेटली, तेव्हा अपर्णानं धीर करून विचारलं, "पण तो आवाज काय बोलणार, हे ठरवतं कोण?" मुलीनं टिश्यूला हात पुसले. "तसं कुणी ठरवत नाही मॅडम," ती अगदी आपुलकीनं म्हणाली, "ते मुलांच्या गरजेप्रमाणे ठरत जातं." त्या आपुलकीत खोटं काही नव्हतं. रात्रभर बसमध्ये अपर्णाला तेच टोचत राहिलं. कुणी ठरवत असतं, तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

घरी अण्णा ओट्यावर बसले होते. तिचे वडील व्यंकटराव. उभा जन्म देवळात पोथी वाचण्यात गेलेला, आता काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. फाटक वाजलं तशी त्यांनी मान वर केली आणि ती काही बोलेपर्यंत वाट बघितली. तिला ते माहीत होतं. चपलेवरूनही ते तिला ओळखत. पण ती बोलल्याशिवाय चेहरा सैल सोडत नसत. "आले, अण्णा," ती म्हणाली, आणि तो चेहरा सैल झाला. चहा घेताना त्यांनी विचारलं, "मग? काय बोललीस तिथं?" ती म्हणाली, "मी नाही बोलले. माझा आवाज बोलला." त्यांना ते कळेना, म्हणून तिनं मोबाइलवर तो तुकडा लावला. शाब्बास राजा. चल, आपण पुन्हा एकदा बघू या. अण्णांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ही तू गंगू होती तवाची हायेस." गंगू म्हणजे आई; ती कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. धडे रेकॉर्ड केले ते त्याच्या आधी. आई स्वयंपाकघराच्या दाराबाहेर पाटावर बसून राहायची, कुणी कडी वाजवू नये म्हणून. "आता न्हाई तू अशी बोलत," अण्णा म्हणाले. तक्रार नव्हती ती. पोथीतला पाठभेद सांगावा तसं त्यांनी सांगितलं. "आता तुझा आवाज जड झालाय. खाली बसलाय." आणि थोड्या वेळानं, संकोचत, "पुन्हा लाव बरं एकदा." तिनं लावला. अण्णा पुढं झुकून ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा ती आल्यावर झाला होता त्याहून सैल झाला होता. ती समोर बसून बघत राहिली. भाजी चिरताना तिनं स्वतःशीच एक धडा म्हणून बघितला, पूर्वीसारखा, वरच्या पट्टीत. जमेना. आपल्यापेक्षा आपलं कुणीतरी जास्त तरुण, जास्त गोड, कुठंतरी हजारो घरांत बोलत बसलंय. आणि आपण इथं वांगी चिरतोय.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापक सोमेश्वर सरांनी तिचा परिषदेतला फोटो ग्रुपवर टाकला होता. "शाळेचं नाव केलं बाई तुमी," ते म्हणाले. आता संस्थेकडून पालकांनाही तिच्याच आवाजात फोन जातात, मुलांची प्रगती कळवायला; महिना होत आला; किती सोय झाली, घरोघर हिंडायची तकलीफ वाचली. तिला ते माहीत नव्हतं. "माझ्या आवाजात?" तिनं विचारलं. "मग? तुमचाच तर आवाज आहे तिथं," सर म्हणाले आणि घंटा झाली म्हणून उठले. नववीच्या वर्गात प्रतिक्षाची जागा रिकामी होती. खिडकीजवळची. ही पोरगी फार हुशार होती असं नाही. पण तिला कविता समजायची. म्हणजे अर्थ सांगता यायचा नाही, पण ऐकताना तिचे ओठ आपोआप हलायचे. आठवीनंतर तिचं शिक्षण बंद करणार असं कळलं, तेव्हा अपर्णा स्वतः तिच्या घरी गेली होती. तिचा बाप माणिकराव, दोन विहिरींचा, हळदीचा बागायतदार, मोठा तोलून बोलणारा माणूस. पाटावर बसवून, चहा देऊन, सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला होता, "तुमी म्हणता म्हणून शिकवतो बाई. दुसऱ्या कुणाचं आयकलं नसतं." ते वाक्य ती वर्षभर एखाद्या दागिन्यासारखं जपत आली होती. "प्रतिक्षा काहून आली नाही?" तिनं विचारलं. शेजारची सेवा उभी राहिली, खाली बघत. "तिचं लग्न जमून राहिलं बाई. शुक्रवारी पाव्हणे येणारेत." सेवानं मान वर केली आणि तिच्या डोळ्यांत राग होता, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा, लपवता न येणारा. "तुमीच म्हणल्या म्हणे."

दुपारची सुट्टी होताच ती स्कूटी घेऊन निघाली. कच्च्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वावरात शिजवलेली हळद वाळत घातली होती. ऊन हळदीवर पडून परत डोळ्यांत येत होतं. तुमीच म्हणल्या. मी काय म्हणाले? तिला एक विचित्र भीती वाटायला लागली: आपण म्हणालोही असू. झोपेत, तापात, त्या गार सभागृहात. माणूस काय काय बोलून जातो, सगळं कुठं आठवतं? लहानपणी ताप चढला की ती बडबडायची, आणि सकाळी आई हसून सांगायची, काल तू असं म्हणालीस. तिला ते शब्द कधीच आपले वाटायचे नाहीत. पण आई सांगते म्हणजे असतील, असं ती मान्य करून टाकायची. आत्ताही तिचं मन तसंच मान्य करायला निघालं होतं, आणि ते थांबवायला तिनं मोठ्यानं म्हटलं, "मी नाही म्हणाले." वाऱ्यात तिचा आवाज तिलाच नीट ऐकू आला नाही.

माणिकरावाचं घर वावरातच होतं. कडेला हळद शिजवायचा कुकर वाफा सोडत होता. ओल्या मातीचा, मुळांचा, उकडलेला वास सगळ्या आवारात कोंडला होता. प्रतिक्षा तिथंच बसून शिजलेल्या हळदीतली खराब कुड्यं, सडके तुकडे, निवडत होती. अपर्णाला आधी तिचे हात दिसले. कोपरापर्यंत पिवळे. क्षणभर तिला वाटलं, लग्नाची हळद लागली. मग कळलं की हे कामाचं पिवळेपण आहे, अजून तसं काही झालेलं नाही. मुलीनं तिला बघितलं. उठली नाही, हसलीही नाही. माणिकराव मात्र लगबगीनं आला, खांद्यावरच्या उपरण्यानं त्यानं बाज झटकली. "या, या बाई. तुमी काहून तकलीफ घेतली? फोनवर झालं होतं की बोलणं."

"माणिकराव," ती म्हणाली, "मी फोन केलेला नाही."

तो हसला. थट्टा वाटली असावी. "तुमचा आवाज मला वळखू येत न्हाई व्हय? वर्षाखाली इथंच बसून तुमी बोलल्या. आन् परवा फोनवर बोलल्या. बराबर तोच आवाज."

"काय बोलले मी?"

त्यानं पार्वतीबाईकडं, बायकोकडं बघितलं. ती दारात उभी होती. तिनंच सांगितलं, शाळेत पाठ केलेलं म्हणावं तसं, एका दमात. "प्रतिक्षाची प्रगती अपेक्षेप्रमाणे नाही. तिच्यासाठी योग्य असा दुसरा मार्ग पालकांनी वेळीच निवडावा."

अपर्णा बाजेवर बसली. त्या वाक्यात वाईट काहीच नव्हतं. कुणीतरी एखादा जादा तास, एखादा हस्तकलेचा वर्ग मनात धरून ते केलं असेल. किंवा कुणीच काही मनात धरलं नसेल. ते वाक्य एखाद्या रिकाम्या भांड्यासारखं या घरात आलं होतं, आणि घरानं त्यात आपल्याकडं होतं ते ओतलं होतं. "दुसरा मार्ग म्हणजे मग काय बाई?" माणिकराव म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात समजूत घातल्याचा सूर होता. "पोरीच्या जातीला दुसरा मार्ग कोणता? मला बी वाईट वाटलं. पण म्हणलं, बाईनंच हात टेकले, त्याअर्थी काई खरं न्हाई."

"ते मशीन होतं. माझ्या आवाजाचं मशीन. माझे जुने धडे होते, त्यावरून त्यांनी..." ती सांगत राहिली. सांगताना तिला स्वतःचंच बोलणं खोटं वाटत होतं. शब्द अडखळत होते. मध्ये खोकला आला. फोनवरची बाई अशी खोकली नसेल. पार्वतीबाई एकटक तिच्या तोंडाकडं बघत होती, आणि अपर्णाला जाणवलं की ही बाई ताडून बघतेय. दोन आवाजांतला कोणता खरा ते. आणि निकाल आपल्या बाजूनं लागेलच असं नाही.

मग प्रतिक्षा बोलली. खालीच बघत, हळद निवडत. "मी विचारलं होतं की तुमाला. टॅबवर. सांजच्याला. मी म्हणलं, बाई, मला न्हाई करायचं लग्न, तुमी पप्पाला सांगा. तुमी म्हणल्या, तुझ्या भावना मला समजतात. आई-वडिलांशी मोकळेपणानं बोल." तिनं एक कुडं दूर फेकलं. "मी बोलले. पप्पा म्हणले, बाईच म्हणून राहिल्या."

"ती मी नव्हते, प्रतिक्षा."

पोरीनं आता वर बघितलं. ती रडत नव्हती. तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली होती, कवितेतला शब्द अडला की पडायची तशी. "मग ते दुसरं बी तुमाला ठाव न्हाई?"

"कुठलं दुसरं?"

"मी रोज सांगायची ते."

कुकरनं वाफ सोडली. पार्वतीबाईनं झटकन लेकीकडं बघितलं, मग माणिकरावानं. "काय सांगायची गं?" अपर्णा म्हणाली. होता होईल तेवढं हळू. पण त्या क्षणी पोरीच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. आतून कडी लावल्याचं नुसतं दिसावं, आवाज येऊ नये, तसं. ती सगळं सांगत आली होती, रोज, विश्वासानं, या आवाजाला. आणि ज्या बाईला ते सांगितलं असं तिला वाटत होतं, ती बाई समोर येऊन म्हणत होती की मी तिथं नव्हते. मग तिथं कोण होतं? ते सगळं आता कुठं आहे, कुणाजवळ आहे? अपर्णाला ती वर चढणारी रेघ आठवली आणि सभागृहाचं हसू. "न्हाई," प्रतिक्षा म्हणाली. "काई न्हाई बाई." आणि ती पुन्हा हळद निवडायला लागली. आता ही पोरगी ते कुणालाच सांगणार नाही, हे अपर्णाला अगदी स्पष्ट दिसलं.

माणिकराव बराच वेळ उपरण्याचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसला. मोठा माणूस फसला की त्याला राग येतो, तसा त्याला आला नव्हता. तो भ्यालेला होता. "म्हणजे आमी कुणाशी बोलून राहिलो महिनाभर?" तो म्हणाला. ती म्हणाली, "ते मी बघते. शाळेत, त्या संस्थेत, सगळीकडे बोलते. पण पोरीचं वय नाही माणिकराव. कायद्यानंही नाही. आणि मी तुम्हाला आज सांगते, माझ्या तोंडानं, इथं बसून: तिला शिकू द्या. ती नापास झाली तरी शिकू द्या." तिचा आवाज फाटला. अण्णा म्हणाले होते तसा जड, खाली बसलेला आवाज. तिला वाटलं, हा पुरणार नाही. पण माणिकरावानं खिशातून मोबाइल काढला आणि तिच्यासमोरच मध्यस्थाला फोन लावला. "जळबा, शुक्रवारचं राहू दे. ... न्हाई, काई झालं न्हाई. पोरीला धाव्वी करू दे, मग बघू. ... व्हय, माझंच मत हाये." त्यानं मोबाइल बाजेवर ठेवला. पार्वतीबाई "चहा टाकते" म्हणाली, पण जागची हलली नाही. प्रतिक्षाचे हात थांबले होते. पिवळे हात मांडीवर ठेवून ती बापाकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटायला लागलं होतं, ते बघून अपर्णाला पुण्याहून निघाल्यापासून पहिल्यांदा हलकं वाटलं.

मोबाइल वाजला. जळबानंच उलटा फोन केला असणार म्हणून माणिकरावानं न बघता बटण दाबलं. कामाच्या गडबडीत हात मोकळे राहावेत म्हणून त्याचा फोन नेहमी स्पीकरवरच असायचा.

"नमस्कार माणिकराव. मी अपर्णाबाई बोलतेय."

आवाज स्वच्छ होता, प्रेमळ होता; आवारात सहज पसरला. पार्वतीबाईचा हात आपोआप डोक्याकडं गेला आणि तिनं पदर सारखा केला. कुकरजवळून प्रतिक्षा उठली आणि बापाच्या खांद्यापाशी येऊन वाकली, नीट ऐकू यावं म्हणून. माणिकरावानं एकदा अपर्णाकडं बघितलं. समोर, हाताच्या अंतरावर, मिटलेल्या ओठांनी ती बसलेली त्याला दिसत होती. त्याचा अंगठा फोन बंद करायच्या लाल खुणेपर्यंत गेलाही. मग त्याची मान खाली झुकली, वडीलधाऱ्यांसमोर झुकते तशी, आणि तो मोबाइलला म्हणाला, "व्हय बाई, बोला."

अपर्णानं तोंड उघडलं. पण फोनमधून आपण आता काय सांगणार आहोत ते ऐकायला तीही थांबली.